टिनाच्या शेडवर प्लास्टिकचं सोलर? आधी नागपूरचा एक मे महिना काढून दाखवा

धरमपेठकर: काल इथं कोणी लिहिलं, "ऑरगॅनिक सोलर २० टक्क्यांवर पोचलं, आता पेपरासारखं छापून मिळेल, काचेचे पॅनल विसरा." अहो, ऑरगॅनिक म्हणजे कार्बनच्या रेणूंचा, प्लास्टिकसारखा सेल; उन्हाच्या २० टक्के वीज होते ती नखाएवढ्या सेलमध्ये! नायट्रोजनच्या पेटीत, काचेवर थेंब टाकून गरगर फिरवलेला १०० नॅनोमीटरचा थर. तोच मीटरभर रुंद रोलवर छापा. एक छिद्र पडलं की शॉर्ट. शिवाय क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रावकं कारखान्यात उडवणार कुठं? असलेच सेल बनवणाऱ्या कोनार्का कंपनीचं २०१२ मध्ये दिवाळं निघालं, ते विसरले सगळे.

हिंगण्याचा: भाऊ, तुम्ही २०१२ मध्येच अडकून राहिले. या सेलमध्ये फुलरीन, म्हणजे चेंडूसारखे कार्बनचे रेणू, वापरायचा जमाना गेला. २०१९ मध्ये वाय६ नावाचा नवा रेणू आला अन् आकडा १५ च्या वर गेला. माझ्या वर्कशॉपचं टिनाचं शेड काचेचं वजन पेलत नाही, तिघांनी बघून नाही म्हटलं. आम्ही काय करायचं?

सक्करदऱ्याची: शेडचं सोडा. माझे ३ किलोवॅटचे पॅनल जानेवारीत चढले, मे संपत आला, नेट मीटर (घेतलेली अन् परत दिलेली वीज मोजणारं) नाही. ७८ हजारांची सबसिडी तिथंच अटकली. दोन कूलर चालतात, बिल पूर्ण, वर बँकेचा हप्ता.

मानेवाडा: ताई, आमचे चार महिने गेले. बिल सासऱ्यांच्या नावावर, अर्ज यांच्या नावानं. तेवढ्यासाठी पाच चकरा.

सक्करदऱ्याची: मला तर दर वेळी "मीटर स्टॉकमध्ये नाही" हेच सांगतात. शेजारच्याकडे मात्र आठवड्यात लागलं!

धरमपेठकर: धागा सेलचा आहे, मीटरचा नाही.

सक्करदऱ्याची: तुमच्या नॅनोमीटरनं माझं बिल कमी होते का? पॅनल कशाचंही असो, मीटर नसेल तर छतावरचं ओझंच ते.

मानेवाडा: बरोबर. आम्हाला नका गप्प करू.

हिंगण्याचा: मुद्द्यावर येतो. तापल्यावर सिलिकॉनची, म्हणजे नेहमीच्या काचेच्या पॅनलची, वीज दर अंशाला ०.३-०.४ टक्के पडते. ऑरगॅनिक तेवढं पडत नाही. ४५ अंशांच्या गावात हे मोजाल की नाही?

धरमपेठकर: मोजतो, मान्य. पण अतिनील किरणं अन् ऑक्सिजननं रेणूच मोडतात, मग पावसाळ्याची ओल. गच्चीवरच्या हिरव्या जाळीचा माझ्याकडे दोन उन्हाळ्यांत भुगा झाला. सिलिकॉनला २५ वर्षांची हमी मिळते. तेवढं टिकवायचं सीलबंद आवरण लावलं, की स्वस्ताई तिथंच संपते.

हिंगण्याचा: पाच वर्षं टिकली तरी घेईन. बदलेन.

धरमपेठकर: चढणारा माणूस, वायरिंग, यांचे पैसे दर वेळी नव्यानं. बरं, तुमच्या शेडपुरतं सोडून देतो. घराच्या स्लॅबवर नाही म्हणजे नाही.

सक्करदऱ्याची: मीटरसाठी लेखी तक्रार कोणी केली आहे का? नमुना टाका.