प्रतिसाद: बाक, पट्टा आणि श्रोथ व्यायाम

तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्याला बाजूला २८ अंशांचा बाक (स्कोलिओसिस) असताना पट्टा, म्हणजे धडाला आधार देणारा ब्रेस, न लावता सूर्यनमस्कार आणि बारला लोंबकळणे पुरेल का, या प्रश्नाला मिळालेली 'पुरेल' आणि 'व्यायाम निरुपयोगी आहे' ही दोन्ही उत्तरे मला घाईची वाटतात.

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, तर पिळलाही जातो, म्हणूनच पुढे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या उंच दिसतात. सूर्यनमस्कार किंवा लोंबकळण्यासारख्या, दोन्ही बाजूंना सारखाच ताण देणाऱ्या व्यायामाने हा पीळ सुटेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. स्वतःला हाच विकार असलेल्या काटारिना श्रोथ यांनी १९२१ च्या सुमारास जर्मनीतील माइसेन येथे रुजवलेल्या पद्धतीत व्यायाम प्रत्येकाच्या बाकानुसार ठरतो. आरशासमोर बसून, किंवा ठरावीक जागी धान्याची छोटी पिशवी ठेवून कुशीवर पडून, आधी कणा जमेल तितका उंच ताणायचा, मग दबलेल्या बाजूच्या बरगड्या फुगतील असा श्वास घ्यायचा आणि तो सोडताना साधलेली स्थिती स्नायू आवळून टिकवायची. पाहणाऱ्याला हे सोपे वाटते, करणाऱ्याला मात्र घाम फुटतो. व्हिडिओ पाहून ते करू नये, कारण बाकाची बाजूच चुकली तर सगळा खटाटोप उलटा होतो.

मात्र वाढ शिल्लक असताना २५ ते ४० अंशांच्या बाकासाठी पट्ट्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांखाली राहिला, नुसत्या देखरेखीखालील मुलांत ४८ टक्के. तेव्हा व्यायाम पट्ट्याच्या जोडीला असावेत, आणि मुलीची हाडांची वाढ किती उरली आहे हे अस्थिरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.