टॅबला कीबोर्डचं कव्हर: घ्यावं की दुकानदाराकडेच राहू द्यावं?

बर्डीवाला ज्युनियर
भाऊ लोकहो, दहा इंची अँड्रॉइड टॅब घेतला. आता नागपूरच्या सीताबर्डीतला दुकानदार कीबोर्डचं कव्हर गळ्यात मारून राहिला. मी वकिलांकडे ज्युनियर आहे, दिवसभर मराठीत नोटिसा न् अर्ज बडवतो. लॅपटॉप घ्या म्हणू नका, आत्ताच पैसे संपले.

खापरीहून रोज
काहून घेता? खापरीहून बर्डीपर्यंत मेट्रोत मांडीवर ठेवून पाहा एकदा. लॅपटॉपचं वजन खाली असतं. टॅबची बॅटरी पडद्यामागे, म्हणजे सगळा भार वर. ब्रेक लागला की गडी मागे कलंडतो. मागचा आधार मोडून मांडीत रुततो तो वेगळाच. टेबलावर मात्र तक्रार नाही.

निवृत्त मास्तर
ज्याला पानं लिहायची त्याने घ्यावा. टॅब आडवा धरला की काचेवरचा कीबोर्ड जवळपास अर्धा पडदा खातो, वर अर्जाच्या चार ओळी दिसतात. आणि काचेवर बोटं विसावत नाहीत, टेकली की अक्षर उमटतं. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीत, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. 'क' के वर, पाय मोडायचा तर डी. हे बोटांना पाठ झालं की खाली पाहावं लागत नाही, पण त्यासाठी खरी बटणं हवीत.

खापरीहून रोज
मास्तर, इन्स्क्रिप्ट येणारे किती उरले? बाकीचे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवतात. माझ्या टॅबवर ती सोय काचेवरच चालते. बाहेरच्या कीबोर्डवर 'नमस्कार' मारला तर तो रोमनमध्येच उभा. कव्हर घेतल्यावर हे कळलं, दुकानदाराने परत घेतलं नाही.

निवृत्त मास्तर
हा मुद्दा मान्य. दुकानातच आपल्या टॅबला जोडून 'न्यायालय' टाइप करून पाहा. 'न'चा पाय मोडला नाही तर दुकानाबाहेर या.

गोकुळपेठेतली
वजनाचं कोणी बोललंच नाही. २०२० मध्ये मोठ्या आयपॅड प्रोसाठी जो मॅजिक कीबोर्ड आला, तो टॅबपेक्षा जड होता! दोन्ही मिळून साधारण १.३५ किलो, म्हणजे त्या वर्षीच्या मॅकबुक एअरपेक्षा थोडं जास्तच. मग टॅब कशाला? शिवाय आपला मे महिना. ॲपल स्वतः वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगते, इथे पारा ४५ पार करतो. पाठीवर जाड कव्हर म्हणजे उन्हाळ्यात गोधडी. मी सुटा ब्लूटूथ कीबोर्ड आणि लाकडी स्टँड वापरते. वाचायला टॅब नुसता हातात.

खापरीहून रोज
सुटा कीबोर्ड घरी विसरायला बरा.

गोकुळपेठेतली
विसरते, खोटं कशाला बोलू. पण कव्हरचं एक बटण मेलं तर अख्खं कव्हर फेकायचं, माझा फक्त कीबोर्ड बदलतो. टॅब बदलला तरी तोच चालतो. कव्हर मात्र त्या मापाचंच.

निवृत्त मास्तर
प्रवासात पडदा कोण झाकणार? कव्हर झाकतं. तुमचा स्टँड पिशवीत काचेवर घासतो की नाही?

बर्डीवाला ज्युनियर
मास्तरांचं ऐकून 'न्यायालय' मारलं. पहिल्या दुकानात 'नयायालय' झालं, दुसऱ्यात नीट आलं. पण दुसऱ्याकडचं कव्हर माझ्या टॅबला दोन बोटं मोठं. सध्या भाच्याचा सुटा कीबोर्ड उसना आणलाय, सोमवारी तारीख आहे. गोकुळपेठवाल्या ताई, स्टँड कुठून घेतला?