'कर्नल सन'ला विसरू नका

जेम्स बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग, त्याच्याबद्दल म्हणतात, "१९६४ मध्ये फ्लेमिंग गेला, बाँडही तिथेच संपला". हे काही पटलं नाही बुवा. पुढे इतरांनीही बाँड लिहिला. किंग्जली एमिसने रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावाने लिहिलेलं 'कर्नल सन' (१९६८) वाचून बघा. साक्षात बाँडच्या साहेबाला, एमलाच त्याच्या घरातून पळवतात! पुढचा ग्रीसमधला छळाचा प्रसंग मी दोनदा पुस्तक मिटून मग पुरा केला. नंतर बाँड लिहिणाऱ्या जॉन गार्डनरने मात्र त्याला साब या स्वीडिश गाडीत बसवलं, ते आजतागायत पचलेलं नाही. पठ्ठ्याने १४ कादंबऱ्या लिहिल्या, माझा दम चौथीतच निघाला. पुढचा बाँड-लेखक अँथनी हॉरोविट्झ, त्याचं तसं नाही. 'ट्रिगर मॉर्टिस'चा काळ त्याने १९५७चाच ठेवलाय, आणि जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगची मोटारशर्यत तर फ्लेमिंगच्याच अप्रकाशित मजकुरावरून घेतलीय. आणखी एक बाँड-लेखक जेफ्री डीव्हर, त्याने बाँडच्या हाती स्मार्टफोन दिला, तिथे मी हात टेकले.