सायकलिंग करताना रस्त्याच्या कडेला सापडलेल्या वस्तूंचं तुम्ही काय करता? (एक पिशवी सापडलीय, मदत हवी)

बिंदुसरा_पेडल (बीड):

नमस्कार मंडळी. मी रोज सकाळी बीडहून पाली, बिंदुसरा धरण करत मांजरसुंब्याचा घाट चढून येतो आणि रविवारी वेळ असला तर तिथून पुढं पाटोद्याच्या रस्त्यानं जातो, तीन वर्ष झाली. मोटारसायकलवर असताना जे कधीच दिसलं नाही ते सायकलवर दिसतं, कारण आपण पांढऱ्या पट्टीच्या डाव्या बाजूनं पंधरा-अठराच्या स्पीडनं चाललेलो असतो आणि रस्त्यावर पडलेलं सगळं गाड्यांच्या हवेनं सरकत सरकत नेमकं तिथंच येऊन थांबतं. आत्तापर्यंत बारा-तेराचा पाना, व्हील नट, ताडपत्री बांधायचे दोर, हुकाचे रबर, दोन खुरपी, बैलाच्या माळेतलं घुंगरू, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा झाल्यावर विभूतीची डबी, असं बरंच सापडलंय. एका पायातली चप्पल तर मोजतच नाही. बरंचसं घरी आणून फळीवर ठेवलंय, मालक कोण ते कळत नाही आणि फेकून द्यायला हात उचलत नाही.

पण या रविवारी जे सापडलं त्यानं झोप उडालीय. मांजरसुंब्याच्या पुढं पाटोदा रोडला पुलाच्या कठड्याजवळ कापडी पिशवी पडलेली होती, तोंड नाडीनं बांधलेलं. आत लहान बाळाचं लसीचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, चांदीची दोन जोडवी, काळ्या मण्यांची बाळाची मनगटी आणि तापाच्या औषधाची अर्धी बाटली. सध्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस आहेत, रात्रभर ट्रक-ट्रॅक्टर चाललेत साखर कारखान्यांकडं, भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं सगळं एकाच ट्रॉलीत. माझी खात्री आहे की पिशवी त्यातल्याच कुणाची तरी आहे. कार्डावर एक मोबाईल नंबर आहे, चार वेळा लावला, बंद लागतो. जवळच्या चौकीत गेलो तर तिथल्या माणसानं ठेवून जा म्हणून सांगितलं, कागद-बिगद काही करेना, म्हणून परत घेऊन आलो. तिथंच ठेवायला पाहिजे होती का? आणलं ते चुकलं का? आणि आता मालक शोधायचा कसा?

मानवत_रायडर (परभणी):

भाऊ, पिशवी उचलली ते बरोबर केलं, पण खुरपी उचलली ते चुकलं असं मला वाटतं, राग मानू नका. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. खुरपं हरवलं की आमची आई त्याच वाटेनं माघारी जाती, दोन्ही बाजू बघत बघत. रोजची वाट असती ती, शेत ते घर. मूठ हाताला बसलेली असती, नवं आणलं तरी महिनाभर हात दुखतो. आपण ते पंचवीस किलोमीटरवर नेऊन ठेवलं की तिनं कुटं बघायचं?

म्हणून मी काय करायलो ते सांगतो. वस्तू सापडली की आधी बघायचं की ही गावातल्या माणसाची का लांब जाणाऱ्याची. खुरपं, विळा, डबा, पाण्याची कॅन, लेकराचं दप्तर, चप्पल, हे गावातलं. त्याला हलवायचं नाही, फक्त खालून उचलून डोळ्याच्या उंचीवर अडकवायचं, बाभळीच्या फांदीला नाहीतर किलोमीटरच्या दगडावर. गाडीखाली येत नाही आणि लांबूनच दिसतं. पाथरी रोडला मी एक टिफिन असा अडकवला होता, परत येताना नव्हता, कुणी नेला माहीत नाही पण माझा अंदाज ज्याचा होता त्यानंच. आणि ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून पडलेलं असलं तर तो माणूस माघारी येऊच शकत नाही, ट्रॉली काय पिशवीसाठी थांबती का. ते मात्र उचलायचं आणि आपणच त्याच्याकडं पोचवायचं. तुमची पिशवी दुसऱ्यातली.

जालना_गिअर:

लोखंडाचं मात्र उचलाच उचला, मग ते कुणाचं का असेना. आमच्या एमआयडीसीकडं स्टीलच्या कंपन्या, भंगाराच्या गाड्या दिवसभर, सळईचे तुकडे, पत्र्याच्या धारदार कापट्या कडेला पडलेल्या असतात, मोटारसायकलवाल्याच्या टायरात गेलं तर तो माणूसच जातो. मी हँडलच्या पिशवीत गोळा करतो, महिन्यातून एकदा भंगारवाल्याला देतो.

आणि ट्रकचा रेडियल टायर फुटलेला दिसला तर त्याच्या आसपास सायकल उचलून न्या, त्यातल्या बारीक तारा केसासारख्या असतात, टायरात घुसून बसतात आणि दिसत नाहीत, ट्यूब बदलली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा कमी. बोटानं शोधू नका, कापतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथं तार असेल तिथं कापूस अडकतो, मग चिमट्यानं ओढायची. कापूस विकत आणायची पण गरज नाही, सीझनला आपल्याकडं रस्त्याकडच्या बाभळींना कापूस लटकलेलाच असतो गाड्यांतून उडालेला. सराट्याच्या काट्याला हे करायची गरज पडत नाही, तो दिसतो तरी.

पाना सापडला तर? ड्रायव्हर लोक परत येत नाहीत. मी वापरतो, खरं सांगतो.

औसा_तुळजापूर_रोड (लातूर):

मानवतच्या दादांनी सांगितलेलं एकदम पटलं, मी कधी असा विचारच केला नव्हता. आमच्या रस्त्याला नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं असतात आणि कोजागरी पौर्णिमेच्या आधी तुळजापूरला चालत जाणारे लोक, अनवाणी. दोन वर्षांपूर्वी मला कवड्यांची माळ सापडली, दोरा तुटलेली, कवड्या डांबरावर पांगलेल्या. एकेक वेचली, अर्धा तास गेला, मागचा लाल लाईट चालू ठेवून सायकल माझ्या आणि गाड्यांच्या मधी उभी केली होती. ती माळ कुणाची ते कळायचा काही मार्ग नव्हता पण ती बाई निघाली कुटं होती ते तर माहीत होतं. मग पुढच्या मंगळवारी तुळजापूरला गेलो आणि देवीच्या दारात ठेवून आलो. माणूस सापडत नसला तरी तो कुणीकडं चालला होता हे बघावं, एवढं मला त्यातनं कळलं.

एक विनंती पण करतो. ट्रक बंद पडला की चाकाखाली आणि मागं मोठे दगड लावतात, गाडी दुरुस्त झाली की निघून जातात आणि दगड तिथंच. रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाहीत. कुणाची हरवलेली वस्तू नाही ती, पण दिसला की थांबून बाजूला लोटा. माझा मावसभाऊ असल्याच दगडावर पडून सहा महिने अंथरुणात होता.

काळा_कोट_सायकल (छ. संभाजीनगर):

वकिली करतो म्हणून कायद्याचं थोडं सांगतो, कारण चौकीचा अनुभव वाचून वाईट वाटलं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतली की तुमची जबाबदारी कुणी विश्वासानं ठेवायला दिलेल्या वस्तूसारखी होते, म्हणजे आपल्या स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घ्यायची. उचलायची सक्ती नाही, उचलली की मात्र जबाबदारी आली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यातलं कलम ३१४ (जुनं ४०३) बेइमानीनं दुसऱ्याची वस्तू आपली करण्याबद्दल आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आणि दंड. पण मालकाला परत द्यायला म्हणून वस्तू जवळ ठेवणं हा गुन्हा नाही, कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलंय. मालक शोधता येण्यासारखा असताना गप्प बसून वापरली तर गुन्हा. त्यामुळं बिंदुसरा भाऊ, तुम्ही बिनधास्त राहा. फक्त सापडली तिथला फोटो, तारीख, वेळ आणि पिशवीतल्या सगळ्या वस्तूंचा एक फोटो काढून ठेवा. पोलिसात दिली तर लेखी पोच मागा, तो तुमचा हक्क समजा आणि शांतपणे मागा, ओरडून काही होत नाही.

मोबाईल सापडला तर बंद करू नका, वाजायची वाट बघा, आणि त्यात आपलं सिम तर कधीच टाकू नका. मालकानं सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रार करून हँडसेट ब्लॉक केलेला असला तर नाव तुमचं निघणार.

अजून एक, तेर आणि पैठणकडच्या सायकलवाल्यांसाठी. सातवाहनांच्या काळची गावं ही, पावसानंतर जुने मणी, नाणी मातीतनं वर येतात. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि मर्यादा आजही दहा रुपयांच्या वरची वस्तू एवढीच आहे. तेरचं लामतुरे संग्रहालय बघितलंय का कुणी? एका माणसानं गावात मिळालेल्या वस्तू जपल्या म्हणून ते उभं राहिलं. मुद्दाम बघून या.

सिस्टर_ऑन_व्हील्स (धाराशिव):

दादा, मी आरोग्य उपकेंद्राला एएनएम म्हणजे नर्स आहे. नंबर लावत बसू नका, टोळीतल्या लोकांचे रिचार्ज संपलेले असतात नाहीतर सिम बदललेलं असतं. लसीच्या कार्डाच्या पहिल्याच पानावर बघा, आईच्या नावाखाली उपकेंद्राचं नाव, अंगणवाडी, आशाताईचं नाव लिहायला जागा असते. सगळं भरलेलं नसलं तरी उपकेंद्र शक्यतो असतंच. तिथं नाहीतर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरला कार्ड दाखवा. आशाताईला गावातलं घरन् घर माहीत असतं, कोण टोळीला गेलंय आणि घरी म्हातारं कोण राहिलंय ते पण.

आणि एक काम आजच्या आज करा. कार्डावर बाळाची जन्मतारीख बघा आणि शेवटचा शिक्का कशाचा आहे ते बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटाचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे डोस असतात, नऊ महिन्याला गोवर-रुबेलाचा. तारीख जवळ आली असेल तर कार्डाच्या सगळ्या पानांचा स्वच्छ फोटो काढा. कार्ड पोचायला महिना लागला तरी चालेल, फोटो आईच्या फोनवर गेला की ती कारखान्याजवळच्या दवाखान्यात तो दाखवून लस घेऊ शकते. आईच्या हातात कागद नसला की मागचं काही सांगता येत नाही तिला, लोक चार प्रश्न विचारतात, ती घाबरते आणि मग जातच नाही, हे आम्ही दरवर्षी बघतो. एक जोडपं म्हणजे एक कोयता असा हिशोब असतो तिकडं, दोघांपैकी एक दवाखान्यात गेलं की दिवसाचं काम बुडतं, त्यामुळं कागदाशिवाय चक्कर टाकायची त्यांची ऐपत नसते.

कुणाचं नाव, गाव, कार्डाचा फोटो इथं टाकू नका प्लीज.

मानवत_रायडर (परभणी):

ताई, हे आमच्या ध्यानातच नसतं आलं. दादा, काय झालं ते कळवा.

बिंदुसरा_पेडल (बीड):

उशिरा लिहितोय, माफ करा, दहा दिवस यातच गेले. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच होतं, उपकेंद्राचं नाव होतं, शाई पसरलेली पण वाचता येत होतं. शनिवारी हाफ डे टाकून गेलो, सायकलवरच, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. तिथल्या सिस्टरनी कार्ड हातात घेतल्या घेतल्या बाळ ओळखलं. पेंटाचे दोन झालेत, तिसरा पुढच्याच आठवड्यात होता. आशाताईंना बोलावलं, त्यांनी टोळीतल्या दुसऱ्या एका बाईच्या फोनवरून त्या मुलीला गाठलं. आम्ही तिथूनच सगळ्या पानांचे फोटो पाठवले, अस्पष्ट आले म्हणून पुन्हा उन्हात ठेवून काढले.

जोडवी आणि मनगटी घरी आजीकडं दिली, आशाताई आणि शेजारचा एक जण समोर होता, वकील साहेबांनी सांगितलं तशी वहीच्या कागदावर पोच पण घेतली, आजीचा अंगठा. मला कागद मागायची लाज वाटत होती पण आशाताई म्हणाल्या घ्या, दोघांसाठी बरं असतं. आजीनं जोडव्याकडं बघितलंच नाही आधी, मनगटी घेतली आणि मणी मोजले. तिनंच ओवली होती म्हणे. दोन मणी कमी होते, मी पिशवी पुन्हा उलटी करून झटकली, एक शिवणीत सापडला.

मूळ कार्ड गावातल्या दुसऱ्या टोळीबरोबर मुलीची जाऊ निघाली होती तिच्याकडं दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. काल आशाताईंचा मेसेज आला, तिसरा डोस झाला.

मानवतच्या दादा, दोन्ही खुरपी फळीवरनं काढली. एक नेमकं कुठं सापडलं ते मला आठवत होतं, पालीच्या पुढच्या वळणावर, तिथं लिंबाच्या झाडाला अडकवून आलो. दुसऱ्याची जागा आठवत नाही. आता काही उचललं तर जागा लिहून ठेवतोय, मार्करनं, त्याच वस्तूवर चिकटपट्टी लावून.