बाबाबाबा म्हणजे बाबा नव्हे

वर परदेशातल्या एकीनं लिहिलंय ना की सात महिन्यांचं बाळ दिवसभर बाबाबाबा करतं पण आई काही म्हणत नाही, अगं तो शब्द नाहीच अजून, ओठ मिटून उघडले की ब नि म आपसूक निघतात, बाबांनी उगाच हुरळून जाऊ नये :) आमची तर पंख्याकडे बघूनपण बाबाच म्हणायची. कान मात्र जबरदस्त असतात या वयात. कॅनडात वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले, ६-८ महिन्यांच्या बहुतेकांना फरक कळला, वर्षाच्या आसपासच्यांना जवळजवळ नाहीच. कानावर न पडणारे आवाज असे हळूहळू सुटतात, तेव्हा तिकडे परदेशात असलीस तरी घरात बिनधास्त मराठी बोल. फक्त दहा महिने झाले तरी बाबाबा-दादादा काहीच नसेल तर कान तपासून घ्यायचे.