मदत हवी आहे: लूपरवर (वाजवलेलं भरून घेऊन पुन्हापुन्हा फिरवणारं गिटारचं पेडल) जुना थर हळूहळू विरत कसा न्यायचा?

मंडळी, नमस्कार. गेला आठवडाभर एकच अल्बम ऐकतोय, १९७५ चा 'ईव्हनिंग स्टार'. गिटार किंग क्रिमसन या रॉक बँडच्या रॉबर्ट फ्रिपची, सोबत संगीतकार ब्रायन ईनो. किंग क्रिमसन कॉलेजपासून ऐकत आलोय, त्यामुळं तसंच काहीतरी दणदणीत असेल म्हणून लावला. यात ड्रम नाहीत, गाणंही नाही. एक सूर येतो आणि तो जायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन टेकतो.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर पंचगंगेच्या पुलाअलीकडं गाडी लावून पहिल्यांदा पूर्ण ऐकला. पहिली बाजू शांत. दुसरी बाजू म्हणजे एकच रचना, 'ॲन इंडेक्स ऑफ मेटल्स', जवळजवळ अर्ध्या तासाची. ती सुरू झाली आणि मला आमची धातू वितळवायची इंडक्शन फर्नेसच आठवली. पॉवर वाढवली की तिची घूंऽऽ जशी चढत जाते, अगदी तशी. आठ तास जो आवाज नको होतो, त्याच्याच जातीचा आवाज मी अंधारात कान देऊन ऐकत होतो.

आता अडचण. त्यांनी हे दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डरवर केलं. टेप एका मशीनवरून निघून दुसऱ्यावर जाते. पहिल्यावर भरलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतो आणि थोडा कमी होऊन परत पहिल्याकडं येतो. म्हणून जुना थर आपोआप मावळतो. माझ्या साध्या लूपरमध्ये भरलेलं सगळं त्याच जोरात फिरत राहतं. चौथ्या थराला नुसता चिखल! त्यात तार छेडायच्या पिकचा टक् आवाज प्रत्येक फेरीला डोकं वर काढतो. गिटारचा व्हॉल्यूम नॉब बंद ठेवून तार छेडायची आणि करंगळीनं तो उघडत न्यायचा, असं करून बघितलं. टक् गेला, चिखल राहिला.

फीडबॅक, म्हणजे परत फिरणारा आवाज, कमी करता येणारा लूपर घ्यावा, की चार-पाच सेकंदांचा लांब डिले (सूर उशिरानं परत वाजवणारं पेडल) पुरेल? लॅपटॉपवर फुकटात जमत असेल तर तेही सांगा, कारण पाच हजारांच्या वर जाणं आत्ता शक्य नाही. कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडं असं पेडल असेल तर कळवा, रविवारी गिटार घेऊन येतो.