मदत हवी आहे: जुन्या महाबळेश्वरात घरगुती राहायची सोय?
मंडळी, साताऱ्याहून आई-बाबांना घेऊन दोन दिवस क्षेत्र महाबळेश्वरला जायचंय, म्हणजे बाजारपेठेत नाही, पंचगंगा मंदिराजवळच्या जुन्या गावात. आईला कृष्णा-कोयनेचा उगम बघायचाय, बाबांच्या डोक्यात १६६५ ची जिजाऊंची सुवर्णतुला. मागच्या वेळी एका लॉजवर उतरलो तर गादी इतकी ओलसर की आई रात्रभर स्वेटर घालून खुर्चीत बसली, वर जेवायला पनीरच पनीर, इथं येऊन पनीर कशाला खायचं! तर गावात किंवा तापोळा रोडला कुणाचं कौलारू घर माहितीये का, पिठलं-भाकरी मिळाली तर उत्तमच. बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे खोली तळमजल्यावर, कमोड मस्ट. आणि कृष्णाबाईच्या मंदिरापर्यंतची वाट त्यांना झेपेल का?